साथीचे गणित : मुंबईपासून लिमरिकपर्यंत

लिमरिकच्या जुन्या तटबंदीचे जे अवशेष आज उरले आहेत, त्यांना लागूनच सेंट जॉन्स रुग्णालय उभे आहे. आता तेथे सर्वसाधारण उपचार होतात. परंतु १७८० मध्ये लेडी लुसी हार्टस्टाँग यांनी त्याची स्थापना केली, ती केवळ तापाच्या रुग्णांसाठी. ज्यांच्या नावाने लिमरिकची न्यूटाउन पेरी ही वस्ती ओळखली जाते, ते एडमंड सेक्स्टन पेरी हे लुसीबाईंचे बंधू. जंतूंमुळे रोग होतो हे सिद्ध व्हायला तेव्हा अजून शंभर वर्षे अवकाश होता. तापकरी माणूस दाटीच्या घरात ठेवला की घरातील माणसे एकामागून एक अंथरूण धरतात, त्याला वेगळा ठेवला की बरीचशी वाचतात, एवढेच निरीक्षण हाताशी होते. तेवढ्यावर एक रुग्णालय उभे राहिले.

रोगाचे कारण कळण्यापूर्वीही त्याचा माग काढता येतो, हा साथरोगशास्त्राचा पाया आहे. डॉक्टर रोग्याकडे पाहतो. साथरोगतज्ज्ञ रोग्यांच्या यादीकडे पाहतो, आणि यादीत कोण नाही याकडे त्याहून अधिक बारकाईने पाहतो. रोग कोणाला झाला, कोठे झाला, केव्हा झाला, हे त्याचे तीन प्रश्न. रोगकारक जिवाणू वा विषाणू, त्याचे आश्रयस्थान, तेथून बाहेर पडण्याची वाट, प्रवासाचे साधन, नव्या शरीरात शिरण्याची वाट आणि त्या शरीराची प्रतिकारशक्ती अशी ही एक साखळी असते. नियंत्रण म्हणजे तिची कोणतीही एक कडी तोडणे. सगळ्या कड्या ठाऊक असाव्या लागतात असे नाही, पण जी तोडायची ती खरोखर साखळीतली असावी लागते. चुकीच्या कडीवर घाव घालणाऱ्यांच्या कथांनी या शास्त्राचा इतिहास भरलेला आहे.

२०२० नंतर ‘आर’ हा आकडा, ‘वक्ररेषा सपाट करणे’, ‘समूह प्रतिकारशक्ती’ असे शब्द सर्वांच्या तोंडी बसले आणि पुढे विसरलेही गेले. त्या शब्दांमागचे समीकरण सर्वप्रथम ज्या खऱ्याखुऱ्या आकड्यांवर तपासून पाहिले गेले, ते आकडे मुंबई बेटावरील मृत्यूंचे होते, हे मात्र फारसे कोणी सांगितले नाही.

१८३२ : पटकी आणि पवित्र पीट

बंगालमध्ये १८१७ मध्ये पटकीने, म्हणजे कॉलऱ्याने, उग्र रूप धारण केले आणि दुसऱ्याच वर्षी तो मुंबई इलाख्यात पोहोचला. पुढच्या लाटेत तो रशियामार्गे पश्चिमेकडे सरकला, १८३१ च्या अखेरीस इंग्लंडच्या संडरलँड बंदरात उतरला आणि १८३२ च्या वसंतात आयर्लंडमध्ये शिरला. डब्लिन आणि कॉर्कपाठोपाठ लिमरिकही त्याच्या तडाख्यात सापडले. पाण्यातून रोग पसरतो ही कल्पना तेव्हा कोणाच्याच मनात नव्हती. दूषित हवेला दोष दिला जाई, घरांना चुना फासला जाई, रस्त्यांत डांबराची पिंपे जाळली जात. नदीकाठच्या दाट वस्तीत ज्या पाण्यात सांडपाणी जाई, तेच प्यायलेही जाई.

या भीतीच्या वातावरणात एक विलक्षण घटना घडली. ९ जून १८३२ च्या सुमारास, लिमरिक काउंटीच्या सीमेलगतच्या चार्लव्हिल गावातून एक वार्ता निघाली : तेथील चर्चमध्ये कुमारी मेरीने दर्शन दिले असून तिने मागे ठेवलेली राख कॉलऱ्यापासून रक्षण करते. त्या राखेची चिमूट, किंवा इंधनासाठी वापरल्या जाणाऱ्या पीट मातीचा तुकडा, घेऊन निरोप्ये घरोघर धावू लागले. ज्याच्या हाती तो तुकडा पडला, त्याने तो आणखी काही घरांत पोहोचवायचा. कोठे ही संख्या सात होती, कोठे वेगळी. अट इतकीच, की ती घरे अजून ‘न शिवलेली’ असावीत. रात्री-अपरात्री माणसे शेते तुडवत धावली आणि आठवड्याभरात ही वार्ता आयर्लंडच्या फार मोठ्या भागात पोहोचून विरूनही गेली. इतिहासकार एस. जे. कॉनली यांनी १९८३ मध्ये या घटनेचा सविस्तर अभ्यास प्रसिद्ध केला. ‘हे पत्र अकरा जणांना पाठवा, नाहीतर संकट कोसळेल’ असली पत्रे ज्यांच्या घरी येत असत, त्यांना हा प्रकार परका वाटणार नाही. पटकी आली की मरीआईचा गाडा शिवेबाहेर नेऊन पुढच्या गावाच्या हद्दीत सोडण्याची आपल्याकडची रीतही याच जातीची : अरिष्ट नाहीसे होत नाही, ते पुढे सरकवले जाते.

या अफवेकडे साथ म्हणून पाहिले, तर शास्त्राच्या दोन मूळ कल्पना फारसे गणित न करता कळतात. एक घर सात घरांना ‘लागण’ देत असेल, तर पुनरुत्पादन संख्या, म्हणजे ‘आर’, सुरुवातीला सात आहे. एकाचे सात, साताचे एकोणपन्नास, पुढे तीनशे त्रेचाळीस. पण सात दिवसांनी अफवा थांबली, ती लोक शहाणे झाले म्हणूनच असे नाही. न शिवलेले घर शोधायला निरोप्याला अधिकाधिक दूर पळावे लागू लागले, की सातातले सहा दरवाजे ‘आमच्याकडे येऊन गेला’ असे सांगतात. प्रत्येक निरोप्याला सरासरी एकही नवे घर मिळेनासे झाले की ‘आर’ एकच्या खाली येतो आणि साथ ओसरते. काही घरे तरीही शेवटपर्यंत न शिवलेली राहतात. त्यांचे रक्षण शेजाऱ्यांनी केलेले असते. समूह प्रतिकारशक्ती म्हणतात ती हीच. गोवराचा मूळ ‘आर’ बारा ते अठरा मानला जातो, म्हणून त्याला रोखण्यासाठी सुमारे ९५ टक्के लसीकरण लागते; शंभरातील दहा पालक मागे हटले तरी भिंतीला भगदाड पडते.

दोनशे तेवीस घरे आणि एक विहीर

हा विचार गणितात बसवणाऱ्यांपैकी एक होते अँडरसन मॅकेंड्रिक. स्कॉटलंडचे हे डॉक्टर भारतीय वैद्यकीय सेवेत होते. कसौलीच्या पाश्चर संस्थेत त्यांनी काम केले आणि प्रकृती बिघडल्यावर ते एडिंबरोला परतले. १९२६ मध्ये त्यांनी प्रसिद्ध केलेल्या एका निबंधात भारतातील एका खेड्यातील पटकीची छोटीशी आकडेवारी आहे. साथरोगशास्त्राचे सौंदर्य कोणाला एका उदाहरणात दाखवायचे असेल, तर मी ब्रॉड स्ट्रीटवरच्या जॉन स्नोच्या पंपाआधी हे उदाहरण देईन.

गावात २२३ घरे. त्यांपैकी १६८ घरांत एकही रुग्ण नाही, ३२ घरांत एकेक, १६ घरांत दोन-दोन, सहा घरांत तीन-तीन आणि एका घरात चार. एकूण ८६ रुग्ण. आता सर्व घरांना धोका सारखाच असता आणि रोग निव्वळ योगायोगाने कोठेही पडला असता, तर एकच रुग्ण असलेली घरे सुमारे ५८ निघायला हवी होती आणि तीन रुग्णांचे घर एखाद-दुसरेच. प्रत्यक्षात एक रुग्णाची घरे फार कमी आहेत, तीन रुग्णांची फार जास्त आणि शून्याची तर खूपच जास्त. म्हणजे ‘शून्य’ घरांत दोन निरनिराळे प्रकार मिसळलेले आहेत : काही घरांपर्यंत धोका पोहोचला पण ती दैवाने वाचली, उरलेल्यांपर्यंत तो पोहोचलाच नाही.

मॅकेंड्रिकनी शून्याची घरे बाजूला ठेवली आणि ज्या ५५ घरांत रुग्ण होते त्यांच्या विभागणीवरून उलटा हिशेब केला. उत्तर आले ९३. म्हणजे २२३ पैकी सुमारे ९३ घरांनाच खरा धोका होता. यावरून त्यांनी असा निष्कर्ष काढला की रोग बहुधा पाण्यातून आला असावा, गावात अनेक विहिरी असाव्यात आणि ही ९३ घरे त्यांतल्या दूषित झालेल्या एकाच विहिरीचे पाणी पीत असावीत. घरोघरच्या रुग्णसंख्येच्या पाच आकड्यांवरून गावातली एक विहीर दिसावी, याचे अप्रूप मला अजून ओसरलेले नाही. शिवाय निष्कर्ष असा, की तो जागेवर जाऊन पडताळता येतो. विहीर तेथे आहे किंवा नाही.

मुंबईची वक्ररेषा आणि तिच्यात न दिसणारे उंदीर

त्यानंतर वर्षभराने, १९२७ मध्ये, मॅकेंड्रिक आणि विल्यम कर्मॅक यांनी रॉयल सोसायटीच्या कार्यवृत्तात तो निबंध लिहिला, ज्याच्यावर आजची साथींची बहुतेक प्रारूपे उभी आहेत. कर्मॅक यांची दृष्टी १९२४ मध्ये प्रयोगशाळेतील स्फोटात गेली होती; ही सारी समीकरणे त्यांनी मनातल्या मनात मांडली. कल्पना साधी आहे. लोकसंख्येचे तीन गट : ज्यांना रोग होऊ शकतो असे, ज्यांना झाला आहे असे आणि जे बरे होऊन वा मरून साखळीबाहेर गेले असे. पहिल्यातून दुसऱ्यात आणि दुसऱ्यातून तिसऱ्यात किती वेगाने माणसे जातात, एवढेच मांडायचे. त्यांचा मुख्य निष्कर्ष असा होता, की साथ थांबण्यासाठी सर्वांना रोग व्हावा लागत नाही, की जंतूचा जोर कमी व्हावा लागत नाही. रोग होऊ शकणाऱ्यांची दाटी एका उंबरठ्याखाली गेली की साथ आपोआप मावळते. चार्लव्हिलच्या निरोप्यांचे जे झाले, तेच.

पडताळणीसाठी त्यांनी मुंबई निवडली : १७ डिसेंबर १९०५ ते २१ जुलै १९०६ या काळात बेटावर दर आठवड्याला प्लेगने झालेले मृत्यू. काढलेली वक्ररेषा आठवड्याला सुमारे ८९० मृत्यूंचे शिखर गाठून उतरते आणि प्रत्यक्ष मृत्यूंचे ठिपके तिच्यावर जवळजवळ चपखल बसतात. पाठ्यपुस्तकांत ही आकृती पिढ्यान् पिढ्या छापली गेली. त्या प्रत्येक ठिपक्यात मांडवी, कामाठीपुरा, गिरगाव येथील किती घरे असतील, हे आकृती सांगत नाही आणि सांगण्याची तिच्याकडून अपेक्षाही नाही.

पण ही चपखल बसलेली रेषा फसवी होती. मुंबईचा गाठीचा प्लेग एका माणसाकडून दुसऱ्या माणसाकडे जात नव्हता. तो उंदरांत होता आणि पिसवांमार्फत माणसांत येत होता. पॉल-लुई सिमाँ यांनी १८९८ मध्ये कराचीत हे प्रयोगाने दाखवले होते आणि मुंबईत ग्लेन लिस्टन व प्लेग संशोधन आयोगाने १९०५ नंतर त्याला भक्कम पुरावा दिला होता. प्लेगच्या आठवणी सांगणाऱ्या पिढीला तर ‘उंदीर पडले’ एवढे दोन शब्द पुरत. गाव सोडून रानात झोपड्या बांधण्याची ती खूण असे. शिवाय मुंबईचा प्लेग दरवर्षी हिवाळ्यात चढे आणि पावसाळ्याच्या तोंडाशी उतरे. १९०६ च्या उन्हाळ्यात तो ओसरला याला हवामान आणि उंदरांचे मरण ही कारणे होती. मुंबईतले ‘लागण होऊ शकणारे’ संपले होते म्हणून नव्हे. निबंधकर्त्यांना याची जाणीव होती. आपली गृहीतके येथे काटेकोरपणे लागू होत नाहीत आणि आलेल्या आकड्यांवर फार भिस्त ठेवू नये, असा इशारा त्यांनी स्वतःच दिला होता. पुढे आकृती गाजली आणि इशारा मागे पडला. अलीकडे, २०१२ मध्ये, निकोला बकाएर यांनी ऋतुमान आणि उंदीर धरून या आकड्यांची पुन्हा तपासणी केली, तेव्हा तो उजेडात आला.

खेड्यातील पटकी आणि मुंबईतील प्लेग, या दोन्ही हिशेबांमागे मॅकेंड्रिकच होते. पहिल्यात गणिताने प्रसाराचा मार्ग शोधला, म्हणून ते उपयोगी पडले. दुसऱ्यात मार्ग गृहीत धरला गेला. रेषा सुरेख आली, पण तिच्यावर विसंबून कोणी माणसांचे विलगीकरण केले असते, तर प्लेग तसाच राहिला असता.

खरे तर तसे झालेही होते, त्या रेषेच्या कितीतरी आधी. सप्टेंबर १८९६ मध्ये डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी मांडवीत प्लेग ओळखला. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोग कायदा आला. पुण्यात वॉल्टर रँडच्या अधिकाराखाली सैनिकांनी घरे तपासली, माणसे छावण्यांत नेली, सामान जाळले. उंदीर मात्र भिंतीत तसेच राहिले. २२ जून १८९७ रोजी चापेकर बंधूंनी रँडवर गोळ्या झाडल्या, हा भाग सर्वांना पाठ आहे. साथरोगशास्त्राच्या दृष्टीने तितकीच गंभीर गोष्ट आधीच घडून गेली होती : लोक आजारी माणूस लपवू लागले. ज्या यादीवर हे शास्त्र उभे असते, ती यादीच खोटी झाली. त्याच वर्षी पुण्याजवळ यशवंतरावांच्या दवाखान्यात सावित्रीबाई फुले रुग्णांना आणत होत्या. १० मार्च रोजी त्याच रोगाने त्यांचा अंत झाला. तेथे माणसे लपत नव्हती.

प्लासीतील गणिती

लिमरिक विद्यापीठाचा परिसर शॅनन नदीकाठी प्लासी येथे आहे. नाव ओळखीचे वाटले तर ते बरोबर आहे. रॉबर्ट क्लाइव्हने येथे जमीन घेतली आणि १७५७ च्या लढाईचे नाव या काठाला चिकटले. मार्च २०२० मध्ये आयर्लंडने साथीची प्रारूपे तयार करण्यासाठी सल्लागार गट नेमला. त्याचे अध्यक्ष होते मेनूथ विद्यापीठाचे फिलिप नोलन, आणि गणिताच्या कामात लिमरिक विद्यापीठाचे जेम्स ग्लीसन व कॅथल वॉल्श यांचा वाटा मोठा होता. त्यांचे प्रारूप कर्मॅक-मॅकेंड्रिक यांच्याच वंशातले. तीन गटांच्या मध्ये एक चौथा घातलेला : लागण झाली आहे पण अजून दुसऱ्याला देऊ शकत नाही, असे लोक.

मुंबईच्या रेषेतील खोट येथे सुधारलेली दिसते. १९२७ च्या निबंधात मुंबईची रेषा काढताना संपर्काचा वेग आरंभापासून अंतापर्यंत एकच धरला होता. ग्लीसन आणि सहकाऱ्यांनी तो वेग गृहीत धरला नाही. रोजच्या रुग्णसंख्येवरून उलटे जाऊन, लोकांमधला परिणामकारक संपर्क दिवसागणिक किती बदलला, हे त्यांनी काढले. शाळा बंद झाल्या, घरात राहण्याचा आदेश आला, लोक स्वतःहून जपू लागले, हे सारे त्या एका बदलत्या आकड्यात उमटते. त्याचबरोबर त्याची मर्यादाही उमटते : काल संपर्क किती होता हे कळते, उद्या किती असेल हे माणसे ठरवतात. डिसेंबर २०२० मध्ये निर्बंध सैल झाले, नाताळात घरे एकत्र आली, नवा विषाणूप्रकारही आला आणि जानेवारी २०२१ मध्ये आयर्लंडचा संसर्गदर काही दिवस जगात सर्वाधिक होता. धोका वाढेल हे प्रारूप सांगत होते. किती वाढेल हे कोणाला सांगता आले नाही.

खाटांचा प्रश्न

लिमरिकपुरते बोलायचे तर आजची साथ अधिक शांत आहे. डुराडॉइल येथील विद्यापीठ रुग्णालय हे या भागाचे मुख्य रुग्णालय. २००९ मध्ये एनिस आणि नीना येथील चोवीस तासांचे आपत्कालीन विभाग बंद होऊन सारा भार येथे आला आणि त्या प्रमाणात खाटा वाढल्या नाहीत. मार्गिकांत ट्रॉलीवर झोपलेल्या रुग्णांच्या संख्येत हे रुग्णालय वर्षानुवर्षे देशात पुढे राहिले. याच मध्य-पश्चिम भागात २०११ मध्ये केपीसी नावाचे विकर तयार करणाऱ्या क्लेब्सिएला जिवाणूंचा उद्रेक नोंदला गेला. कार्बापेनेम ही हाताशी राखून ठेवलेली शेवटची प्रतिजैविके. हे विकर त्यांनाच निष्प्रभ करते आणि त्याचे जनुक एका जिवाणूकडून दुसऱ्याकडे उडी मारते. २५ ऑक्टोबर २०१७ रोजी आयर्लंडने अशा जिवाणूंना राष्ट्रीय सार्वजनिक आरोग्य आणीबाणी म्हणून घोषित केले.

या रोगाला मुंबईची रेषा लागू पडत नाही. हे जिवाणू आतड्यांत महिनोन् महिने मुकाट्याने राहतात. वाहकाला ताप नाही, वेदना नाही. हात, खाटेचा कठडा, सामाईक शौचालय, हात धुण्याच्या बेसिनची मोरी, हे त्यांचे मार्ग. म्हणून नियंत्रणाची साधनेही जुनीच : वाहक शोधणे, त्याला स्वतंत्र खोली आणि स्वतंत्र शौचालय देणे, हात धुणे, प्रतिजैविके जपून वापरणे. २०२० नंतर येथे एकेरी खोल्यांचे नवे कक्ष बांधले गेले. १७८० मध्ये लेडी हार्टस्टाँग यांनी जे केले, त्याचेच हे आजचे रूप. फरक इतका, की आता प्रत्येक खोलीसाठी कारण सांगता येते आणि खोल्या तरीही पुरत नाहीत.

आयर्लंडमध्ये राहणाऱ्या आपल्यासारख्यांचा या साखळीशी थेट संबंध येतो. येथे १९८१ च्या नियमांनुसार ठरावीक रोगांची माहिती डॉक्टर आणि प्रयोगशाळा यांनी त्या भागाच्या आरोग्य अधिकाऱ्याला कळवायची असते. ती डब्लिनच्या आरोग्य संरक्षण पाळत केंद्राकडे जाते. क्षय, गोवर, टायफॉइड अशा निदानानंतर आरोग्य विभागाचा फोन आला, तर तो चौकशीचा समन्स नसतो. ‘कोठे जेवलात, घरात कोण आहे, कोणाला भेटलात’ हे मॅकेंड्रिकच्या पाच आकड्यांचेच प्रश्न असतात. सुट्टीत घरी जाणारे प्रवासी पर्यटकांपेक्षा अधिक आजारी पडतात, हे अनेक अभ्यासांत दिसले आहे. ‘आपलेच पाणी, आपल्याला काय होणार’ म्हणून ते टायफॉइडची लस घेत नाहीत. लहानपणी मिळालेली प्रतिकारशक्ती दहा वर्षांच्या लिमरिकवासानंतर उरलेली नसते, आणि येथे जन्मलेल्या मुलांना ती मुळात नसतेच. आयर्लंडमध्ये २०१५ पासून नवजात बालकांना सरसकट बीसीजी दिली जात नाही, हेही ध्यानात असावे.

आणि गेल्या बारा महिन्यांत पुण्यात, मुंबईत, कोल्हापुरात, कोठेही रुग्णालयात दाखल होऊन आला असाल, गुडघ्याच्या शस्त्रक्रियेसाठी असो वा बाळंतपणासाठी, तर येथे दाखल होताना ते आपणहून सांगावे. बाहेरच्या देशातील रुग्णालयात राहून आलेल्यांची कार्बापेनेम-रोधक जिवाणूंसाठी तपासणी करावी, असे येथील मार्गदर्शक तत्त्व आहे. एक नमुना घेतला जातो, अहवाल येईपर्यंत शक्य झाल्यास वेगळी खोली मिळते. त्यात अपमान वाटून घेणारे भेटतात. परिचारिका मल्याळी असेल तर थोडा कमी वाटतो, इतकेच.